पहिल्याच खेळीत चढाई

"समोरच्याला जरा बस्तान तरी बसवू देत जा गं!" शेजारच्या खाटेवरून सरूआत्या पुटपुटली. "खेळ सुरू झाला नाही, तोच तुझे घोडे त्यांच्या दारात!"

"म्हणून तर पाणी आपल्याकडे येतं, आत्या," म्हणत कुंदाने स्वप्नात नेणारी कपाळावरची पट्टी घट्ट केली आणि डोळे मिटले.

धरणाचं पाणी कुणाला, हे आता दोन गावांच्या सामाईक स्वप्नातल्या बुद्धिबळासारख्या डावावर ठरे. एक खेळी कुंदाच्या गावाची, एक पलीकडच्या पिंपरीची. तिकडून कुंदाची मावसबहीण हौसा खेळायची. दरवर्षी हरायची, तरी जाताना धुक्यातून हात हलवायची.

आजही कुंदाचे घोडे पाण्यावरून तरंगत गेल्यासारखे निघाले. पिंपरीची वेस सताड उघडी होती. कुंदा थांबली. तिने आपली खेळी सोडून हौसाला दिली. पुन्हा दिली. नुसतं धुकं हलत राहिलं.

जाग आली तेव्हा गुलाल उधळला जात होता.

"हौसा आली नाही," कुंदा म्हणाली. "बरी आहे ना ती?"

सगळे इकडेतिकडे बघू लागले. आत्याने हळूच तिची पट्टी सोडवली.

"गेल्या उन्हाळ्यातच गाव सोडलं तिनं, पोरी. अख्खी पिंपरी उठून गेली. त्यांचं प्यायचं पाणीसुद्धा आपण जिंकलं होतं."