कारवी फुलली ते वर्ष

कॉलेजात नेमणुकांची यादी लागली त्या शनिवारी सॅमसन सरांनी ती दोनदा वाचली. वनस्पतिशास्त्राच्या कायम जागेसमोर दुसऱ्याचं नाव होतं. नऊ वर्षं ते तासिकेवर शिकवत होते आणि नऊ वर्षं प्राचार्य म्हणत होते, "जागा निघू द्या, ती तुमचीच." आता म्हणाले, "पुढच्या वेळी बघू, सर." घरी हे सांगायला बायको, लिडियाही उरली नव्हती.

सोमवारपासून सर घड्याळाच्या काट्यावर शिकवू लागले. घंटा झाली की खडू खाली. एकदा फळ्यावर अर्धंच फूल सोडून निघाले, तेव्हा शिपाई छगन म्हणाला, "सर, उरलेलं मी काढू का?" सर हसले नाहीत.

मुलांनी आणलेल्या वनस्पती लाकडी प्रेसमध्ये दाबून वाळत ठेवल्या होत्या. भाद्रपदातली ओल. मधली वर्तमानपत्रं रोज संध्याकाळी बदलावी लागत. ते काम कुणाच्याच वेळापत्रकात नव्हतं. सरच करायचे. आता ते चारच्या एसटीने घरी जात.

आठवड्याने पंकजाने प्रेस उघडला. ती भंडारदऱ्याच्या वरच्या वाडीतली. घंटा झाल्यावरही बाकावर बसून प्रश्न विचारणारी. कडा चढून तिने कारवीची फांदी आणली होती. पानांवर पांढरी बुरशी चढली होती. जांभळी फुलं काळी पडून कागदाला चिकटली होती.

"सर, कागद मी बदलतो, असं तुमी म्हणला होता."

"होतं असं कधी कधी. पुढच्या वेळी बघू."

"कारवी सात वर्सांनी फुलते, सर. तुमीच शिकवलंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. प्राचार्यांचं वाक्य आपल्याच तोंडून निघालं, हे सरांच्या तेव्हा लक्षात आलं. त्या संध्याकाळी एसटी त्यांच्याशिवाय गेली. त्यांनी सगळे कागद बदलले. कारवी तेवढी सुटून आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगीत खडू घेतले आणि फळाभर कारवीचं फूल काढायला सुरुवात केली. घंटा झाली. सरांचा हात चालूच राहिला.

मागे पेनाचं टोपण वाजलं. पंकजा उठली होती. तिच्यामागोमाग सगळा वर्ग उठला.

"थांबा रे, दोनच पाकळ्या राहिल्यात."

"घंटा झाली, सर," पंकजा म्हणाली.

त्या दोन पाकळ्या काढायच्या राहिल्या.