लिंबाच्या दोन पट्ट्या

थोरला सकाळी सकाळी वाफ्याशी उकिडवा बसून धाकट्या भावाच्या वतीने लबाडी करत होता.

हातात काळा मार्कर, समोर मातीत खोचलेली पांढरी प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर धाकट्याने कधीकाळी ‘लिंबू’ लिहिलं होतं. उन्हाने शाई पार उडाली होती. धाकट्याचं अक्षर डावीकडे कललेलं, बाकावर पेंगणाऱ्या माणसासारखं. थोरला तोच कल सांभाळून गिरवत होता. इतक्या वर्षांत त्याला हे स्वतःच्या सहीपेक्षा चांगलं जमायला लागलं होतं.

शेजारीच त्याची स्वतःची पट्टी होती. अॅल्युमिनियमची, खिळ्याने दाबून अक्षरं उमटवलेली, काल आणल्यासारखी चकचकीत. तिला त्याने कधी हात लावला नव्हता. गरजच पडली नव्हती. माल चांगला असला की असं होतं.

दोन पट्ट्यांच्या मधे लिंबाचं झाड मात्र नव्हतं. ते पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. कुणी मनावर घेतलं नाही. स्पर्धा पट्ट्यांची होती.

वडील होते तेव्हा दोघे भाऊ शेडमधे पोत्यावर बसून रोपांच्या पट्ट्या लिहायचे. थोरला नाव सांगायचा, धाकटा लिहायचा. तेव्हा लाकडी काड्या असायच्या. एका पावसात सगळ्या पुसल्या गेल्या आणि वडिलांनी छातीठोकपणे जास्वंद म्हणून दिलेलं रोप भेंडी निघालं. गिऱ्हाइकाने भाजी करून खाल्ली आणि आणखी दोन जास्वंदी मागायला आलं. त्या दिवशी दोघे भाऊ पोत्यावर लोळून हसले होते.

वडील गेले आणि भांडण झालं. एक म्हणाला प्लास्टिक आणि मार्कर, दुसरा म्हणाला धातू आणि खिळा. मग दोघे पट्ट्यांशी काही संबंध नसलेलं बरंच काही बोलून गेले. धाकट्याने गाव सोडलं. जाताना फाटकातून म्हणाला, “दोन्ही खोचून ठेव. दरवर्षी येऊन बघेन. ज्याची आधी जाईल तो हरला. एवढ्यापुरतं येईन, बाकी तुझा माझा संबंध नाही.”

पहिल्याच पावसाळ्यानंतर मार्कर उडाला. थोरला पुसट पट्टीकडे बघत बसला. हा हरला, तर पुढच्या वर्षी कशाला येईल? मग तो उठला आणि दुकानातून मार्कर घेऊन आला.

“बाबा!” मुलीने हाक मारली. रोपवाटिका आता तीच बघायची. थोरल्याने मार्कर घाईघाईने खिशात टाकला. “काका येतायत ना आज? ह्या वर्षी निकाल लावून टाका. मला सगळ्या रोपांना टिकाऊ लेबलं करायची आहेत. आणि तो वाफा मोकळा करा, तिथे गुलाब लावायचेत मला.”

“घाई काय आहे?”

“घाई? तुमच्या पट्ट्यांच्या जोडीने मी वाढले, बाबा.”

धाकटा नेहमीसारखा दुपारी आला. एका दिवसाच्या मुक्कामाला नेहमीसारखी भलीमोठी पिशवी घेऊन. केस आणखी पांढरे झाले होते.

“बरा आहेस?” थोरल्याने विचारलं.

“मी पट्ट्या बघायला आलोय. तू आत जा, चहाचं बघ. निरीक्षण एकट्याने करायचं, असं ठरलंय.”

असं कधी ठरलं ते थोरल्याला आठवत नव्हतं, पण वाद घालून पाहुणा घालवायचा नव्हता. तो रोपवाटिकेच्या दुकानात आला. तिथे मुलीने बोलावलेला पत्रेवाला बसला होता. थोरल्याने पट्टी जिच्यातून कापली होती ते पत्र्याचं जुनं रीळ मुलीने तेलकट कागदातून काढून त्याच्यापुढे ठेवलं.

“हेच अॅल्युमिनियम हवंय. बाबांची पट्टी बघा ना, एवढे पावसाळे झाले, ओरखडा नाही.”

पत्रेवाल्याने खिशातून लोहचुंबक काढून रिळाला लावला. तो खटकन चिकटला.

“मालक, हे अॅल्युमिनियम नव्हे. अॅल्युमिनियमला हा चिकटतच नाही. हा डब्याचा पत्रा आहे, नुसती वरून चकाकी. कुणीतरी टोपी घातली तुम्हाला. उघड्यावर दोन पावसाळ्यांत चाळणी होते ह्याची.”

“बागेत उभी आहे माझी पट्टी,” थोरला तापला. “ह्याच रिळातली. मी स्वतः कापलीय.”

“मग तुमच्या बागेत कोरडा पाऊस पडत असेल.”

मुलगी हसली. थोरला हसला नाही. त्याने हात पुढे केला.

“तो लोहचुंबक द्या जरा,” तो म्हणाला.

तेवढ्यात वाफ्याकडून धाकट्याची आरोळी आली. “बरोबरी! दोन्ही ठणठणीत! पुढच्या वर्षी बघू!”

“परत?” मुलीने कपाळावर हात मारला.

धाकटा पिशवी सावरत घराकडे निघाला आणि थेट मोरीत शिरला. आतून थोरल्याच्या बायकोचा आवाज आला. “भावोजी, दरवर्षी विचारीन म्हणते, नुसतं बघून हात एवढे कसे मळतात हो?”

“माती उडते, वहिनी.”

थोरला वाफ्याशी गेला. गुडघे कुरकुरले, तरी उकिडवा बसला. डावीकडे कललेलं काळंभोर ‘लिंबू’ वाळलं होतं. त्याने लोहचुंबक आपल्या चकचकीत पट्टीला टेकवला आणि बोटं सोडली.

तो टपकन खाली पडला. लिंबाचं झाड असायला हवं होतं, नेमका तिथे.