दुधाचा आकडा

प्रत्येकाकडे वाटायला शंभर गुण होते आणि संशयित चार: दूध, मांस, भाजी, पाणी. शहरात पोरं उलट्या-जुलाबांनी आडवी पडत होती. तपासणीत काही सापडेना, म्हणून पाच जाणकारांना एका खोलीत बसवून त्यांचा अंदाज मागितला होता. ज्याला जास्त गुण, त्याची विक्री आजच बंद. एखाद्याने शेवटपर्यंत वेगळा आकडा धरून ठेवला, तर त्याचा संशय असलेला पदार्थही फेरतपासणीपर्यंत बंद.

पहिल्या फेरीत जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दुधाला साठ दिले. बाकीच्या चौघांचे दुधाला दहाच्या आतबाहेर, सगळा भर भाजीवर. आकडे फळ्यावर लागले. आता दुसरी फेरी: इतरांचे आकडे बघून आपला बदलायची मुभा. मुभा म्हणजे काय असते, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं.

"बाई, दुधाने तोंड पोळलंय का कधी?" पाण्याचे तज्ज्ञ म्हणाले. सगळे हसले.

"दूध साठवतात तिथे मी गेले होते. यंत्राचा काटा थंडी दाखवत होता, पण नळीवर बाहेरून पाण्याचा एक थेंब नव्हता. आतलं दूध खरंच गार असतं, तर नळीला घाम फुटला असता."

"पुरावा?"

"नाही. अंदाज आहे."

"कोरड्या नळीला साठ गुण!" पाचांतलेच एक, बैठकीचे अध्यक्ष, हसले. "बघा बुवा, आग्रह नाही. पण उद्या शहरभर दूध बंद झालं, तर लोक तुमचंच नाव घेतील."

बाईंनी साठ खोडले आणि पंधरा लिहिले. लाज वाटली. त्याहून जास्त, हायसं वाटलं.

"पाचामुखी परमेश्वर," म्हणत अध्यक्षांनी सह्या घेतल्या. भाजी बंद झाली.

संध्याकाळी बाई जिना उतरत होत्या, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, बातमी ऐकली गं. घरातली होती नव्हती ती भाजी टाकून दिली."

"आणि बाळ? बाळ काय खातंय?"

"काही नाही, जोखीमच नको. नुसत्या दुधावर ठेवलंय त्याला. फ्रीजमधलं थंडगार लागतं साहेबांना, आत्ताच दुसरा पेला संपवला. थांब हं, देते त्याच्याकडे. बाळा, तोंड पूस आधी. मावशी आहे, बोल."