बंदुकीची किंमत

श्रीगोंद्याजवळच्या एका गावात बिभीषणरावांकडे आजोबांची विलायती सेमी-ऑटोमॅटिक बंदूक होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पोलादावर कोरलेली बदकं. पुण्याचा एक शौकीन ती बघून म्हणाला होता, "असं काम आता होत नाही." चुलतभाऊ आसारामनं मात्र काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची हलकी, नवीकोरी बंदूक घेतली. दर दसऱ्याला पूजेच्या वेळी दोघांची जुंपायची.

"दादा, तुमची शोकेसात ठिवायची. माझ्या बंदुकीला लोक भ्यात्यात."

मग निवडणूक लागली. बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस आसारामला आली, बिभीषणरावांना आलीच नाही. गावभर त्यांचं हसं झालं. आसाराम बंदूक जमा करत होता, तेवढ्यात बिभीषणरावही आपली बंदूक चादरीत गुंडाळून ठाण्यात हजर झाले.

फौजदारसाहेबांनी ती कौतुकानं न्याहाळली आणि परत दिली. "काका, फार सुंदर आहे. घरीच राहू द्या. ज्यांच्यापासून धोका आहे, त्यांच्याच बंदुका घेतोय आम्ही."

"साहेब, माझ्यापासनं बी धोका हाय की!"

"कुणाला?"

बिभीषणरावांना एकही नाव सुचेना. ते बंदूक पुन्हा चादरीत गुंडाळू लागले. आसारामला ते बघवेना. तो पुढं झाला.

"साहेब, मला हाय. दादापासनं माझ्या जिवाला धोका हाय, तक्रार लिहून घ्या."



बिभीषणरावांनी भर ठाण्यात त्याला मिठी मारली.