पाचवी खुंटी

पाचव्या खुंटीजवळची वाळू रातोरात बशीएवढी खचली होती. तानाजीने ती पाहिली आणि तो एकटाच हसला. वाळू अशी खचली, की खाली अंडी फुटलीत आणि पिल्लं वर यायला निघालीत, हे गुहागरच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आज रात्री, फार तर उद्या.

हल्लानिया बेटावरच्या एका म्हाताऱ्या ओमानी कोळ्याने त्याला हे घरटं दोन महिन्यांपूर्वी दाखवलं होतं. "हमसा," म्हातारा म्हणाला होता. हमसा म्हणजे कासव. पूर्वी या वाळूत हमसा इतक्या चढायच्या, की माणसाला पाय ठेवायला जागा नसायची. यंदा एकच आली. तेव्हापासून तानाजी रोज कामावरून सुटला की इथे बसायचा आणि कुणीतरी बेटावर आणून सोडलेली मांजरं हाकलायचा. वाटेत भेटला की म्हातारा विचारायचा, "हमसा?" तानाजी म्हणायचा, "हमसा तमाम," म्हणजे कासव ठीक आहे. त्याच्याशी बोलायला दुसरा विषयच नव्हता, त्यामुळे तो शब्द तोंडात पक्का बसला होता.

पाण्याच्या पाइपचा, खुंट्या ठोकून आखलेला चर नेमका इथूनच जायचा होता. फोरमन कासमभाई तसे भले. "पांचवां छोड देंगे," ते म्हणाले होते, "बाद में हाथ से खोदेंगे. लेकिन ऑपरेटर को तू बोल. मैं भूल जाऊंगा."

ऑपरेटर आज सकाळीच दुक्म बंदरातून बार्जवर पोकलेन घेऊन आला होता. नाव नूरुद्दीन, एवढंच कळलं. हेल्मेट, काळा चष्मा आणि हिंदी ऐकून तानाजीने त्याला हैदराबादी ठरवून टाकलं. ओहोटी लागायच्या आत पोकलेन घेऊन बार्ज परत जायची होती, म्हणून पोकलेन उतरलं ते थेट कामालाच लागलं. तानाजी दोनशे पावलांवर, टेकाडावर, खोली मोजायच्या लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावून उभा. सांगू चौथी खुंटी झाल्यावर, असं त्याने ठरवलं. आजचं काम काही उद्यावर ढकललं नव्हतं त्याने. नुसतं अर्ध्या तासावर.

"वाहद," तो वॉकीटॉकीवर म्हणाला; साइटवर मोजणी अरबीतच चालायची. पहिली खुंटी खणून झाली, खोली बरोबर आली.

"इतनीन."

"तलाता."

नूरुद्दीनचा हात सफाईदार होता. सांगितलेल्या खोलीच्या खाली बोटभरसुद्धा जात नव्हता.

"अरबा."

चौथी झाली. तानाजीने बटण दाबलं. "भाई, अभी हमसा है. हमसा. संभाल के."

"खमसा. ओके भाई."

वाऱ्यात आणि डिझेलच्या घरघरीत माणसाला जे हवं तेच ऐकू येतं. तानाजीचा जीव भांड्यात पडला.

पोकलेन पुढे सरकलं. ते सहावीकडे जाईल म्हणून त्याने दुर्बीण तिकडे वळवली, पण ते आलंच नाही. ते पाचवीपाशी थांबलं होतं.

"हमसा! उधर हमसा है!"

"हां हां, खमसा पे ही हूं."

दुर्बिणीत बकेटचे दात हाताच्या अंतरावर असल्यासारखे दिसत होते. "रुको!" तो ओरडला, पण नूरुद्दीनही त्याच क्षणी काहीतरी बोलत होता. दोघांची बटणं एकदम दाबली गेली आणि नुसती खरखर झाली. मग तानाजीच्या तोंडाला जो शब्द आला तो त्याने फेकला. "खलास! खलास!" त्याला म्हणायचं होतं, बस कर.

"अभी खलास करता हूं, भाई. टेन्शन नहीं."

तो धावला. वाळूत पाय रुतत होते. पोचेपर्यंत बकेट तीनदा रिकामी झाली होती आणि यंत्र बंद झालं होतं. नूरुद्दीन केबिनमधून उतरून ढिगाऱ्यापाशी गुडघ्यांवर बसला होता. चष्मा काढल्यावर तो चांगला पन्नाशीचा दिसला, दाढी पिकलेली.

"या अल्ला," तो पुटपुटला. "कासवा! कासवाची पिल्ला हायत रे ही!"

तानाजी जागीच थांबला. हे मराठी होतं, तेही आपल्याकडचं.

"तुम्ही... कुठले?"

"दाभोळचा."

गुहागरकडून फेरीबोटीने खाडी ओलांडली, की दाभोळ.

"मी गुहागरचा," तानाजी कसाबसा म्हणाला.

नूरुद्दीन गुडघ्यांवरून उठला. "मग मघापासना खमसा खमसा, पाच पाच काय चालवलंस?"

"हमसा. इथे कासवाला हमसा म्हणतात."

"आमाला काय म्हायती? कासव बोलायचा ना, बाबा." तो रागावला नव्हता. "एकदा कासव बोलला असतास..."

तानाजीला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्याने वाळू उपसली. ओली टरफलं, आणि काळी, बोटाएवढी पिल्लं. त्यातलं एक अजून वल्ही मारत होतं. ते तळहातावर घेऊन तो पाण्याकडे निघाला, पण चार पावलांतच त्याची वल्ही थांबली. त्याच्या मागे ढिगाऱ्यावर समुद्रपक्षी उतरायला लागले होते. नूरुद्दीनने एकदा हात हलवून त्यांना हाकललं आणि मग हात खाली टाकला.

वॉकीटॉकी खरखरली. बार्जवरून कासमभाई विचारत होते. विसरेन म्हणाले होते, तसे ते विसरले होते.

"तानाजी, खमसा खलास?"

तानाजीने नूरुद्दीनकडे पाहिलं.

तानाजीने बटण दाबलं.

"खलास," तो म्हणाला.