सासूबाईंची मोजणी

"डाव्या रेघेवरच्या धरायच्या, उजव्या रेघेवरच्या सोडायच्या, असंच ना?" सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता सासूबाईंनी विचारलं.

सून थक्क झाली. हे शिकायला तिला आठवडा लागला होता.

"गिरणीत भिंगाखाली धागे असेच मोजायचो आम्ही. एकतीस वर्षं."

आल्या होत्या त्या सुनेचा विसरलेला डबा द्यायला. पण पेशी मोजणारी सहकारी तापाने घरी होती. कोणत्या बशीत संप्रेरक घातलंय हे ज्याला ठाऊक, त्याने मोजायचं नाही, हा तर प्रयोगशाळेचा दंडक. सुनेने ते स्वतःच घातलं होतं आणि यादी तिच्या मार्गदर्शक सरांपाशी होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, पण हे सासूबाईंसमोर म्हणणार कोण?

पेशी होत्या गर्भातल्या कोकराच्या, मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीच्या. संप्रेरकाने त्या संख्येने वाढतात, हे सुनेला सिद्ध करायचं होतं. दोन खेपा फसल्या होत्या. ही शेवटची. हीसुद्धा फसली तर संशोधन सोडायचं आणि नातवंडाचं मनावर घ्यायचं, असं तिने सासूबाईंना कबूल केलं होतं.

सासूबाई सावकाश मोजत होत्या. सर घड्याळ बघत होते. अखेर यादी उघडली आणि सुनेचा चेहरा पडला. संप्रेरकाच्या बश्यांत पेशी निम्म्याच भरल्या होत्या.

"आता थांबू या," सर हळूच म्हणाले.

तिला रडू आलं. पेशी ज्यात वाढवल्या तो, बश्यांमधून वेगवेगळ्या बाटल्यांत काढून ठेवलेला द्रव नेहमीप्रमाणे ओतून द्यायला ती बेसिनकडे वळली.

"त्या निम्म्यावाल्या ना?" सासूबाई म्हणाल्या. "कमी आहेत, पण अंगाने दुप्पट आहेत. संख्या वाढवायचं सोडून कामाला जुंपलेल्या दिसतायत. काय काम असतं त्यांना?"

"स्टेरॉइड बनवायचं."

"मग ते जातं कुठे?"

सुनेने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. आजवर तिने पेशीच तेवढ्या मोजल्या होत्या. द्रव दर वेळी ओतून दिला होता.

दोन दिवसांनी तपासणीचा आकडा आला. त्या द्रवात स्टेरॉइड साध्या बश्यांतल्या द्रवाच्या अकरा पट होतं. सरांनी तिथल्या तिथे प्रयोगाला आणखी तीन वर्षं दिली. सून नाचतच घरी आली.

"आई, तुम्ही गप्प बसला असतात, तर मी आजपासून घरीच असते. तुम्हाला हवं होतं तसं."

"हवं तर होतंच," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर प्रत्येक बशी दोनदा बघितली."