काचघरातले ढालकिडे

काचघरातल्या गुलाबांवर मावा चढला होता. कळ्या चिकट होऊन माना टाकत होत्या.

"जाऊबाई, फवारू या का?" धाकटीनं विचारलं.

"नको गं. मागच्या फवारणीत मधमाश्याही मेल्या." थोरलीनं ढालकिड्यांचा डबा उघडला. "हे मावा फस्त करतात. आवतण देऊन आणलेले पाहुणे, जेवल्याशिवाय हलायचे नाहीत."

लाल, ठिपकेदार किडे भुर्रकन उडाले, समोरच्या बंद काचेवर बसले आणि एकेक करून दिसेनासे झाले.

"गेले की सगळे! आता बाग हातची जाणार," धाकटी रडवेली झाली.

"काचेत बघ," थोरली पुटपुटली.

काचेतल्या प्रतिबिंबात फांदीफांदीवर ढालकिडे होते आणि कळ्या टवटवीत होत्या. इकडे मावा तसाच दिसत होता.

थोरलीनं भीतभीत एक पान चाचपलं. डोळ्यांना मावा दिसत होता, पण बोटांना पान स्वच्छ लागलं. दुसरंही स्वच्छ लागलं.

"वाचली गं बाग!" तिला हसू फुटलं.

तेवढ्यात मनगटावर इवलेसे पाय चालल्यासारखं वाटलं. मनगटावर काहीच नव्हतं. तिनं काचेत पाहिलं. तिथं एक ढालकिडा बसला होता.

काचेतल्या थोरलीनं त्याच्यावर हळूच फुंकर घातली.

हिचे ओठ मिटलेलेच होते, पण मनगटाला ती फुंकर गार लागली.